साक्षीदार नसलेला उद्रेक

वर्धा रोडने नागपूरहून खापरीकडे निघालं, की मिहान या उद्योग प्रकल्पाच्या हद्दीत कुठे ना कुठे पोकलेन चालू दिसतं. पाया खणला की जमिनीचा छेद उघडा पडतो. वर उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी माती, तिच्याखाली पिवळट तपकिरी मुरूम आणि त्याच्याही खाली ब्रेकर लावल्याशिवाय न हलणारा काळा दगड. खोदकामाच्या अंदाजपत्रकात या तिघांचे दर वेगवेगळे लागतात. भूशास्त्राच्या हिशेबी मात्र तिन्ही एकाच घरची. काळा दगड झिजून मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. एम्स, आयआयएम, विमानांच्या देखभालीचं केंद्र, आयटी कंपन्यांच्या इमारती, हे सगळं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे पसरलेल्या लाव्ह्यावर उभं आहे.

हा लाव्हा ज्या उद्रेकांतून आला ते कोणत्या प्रकारचे होते, हा या प्रस्तावनेचा प्रश्न. पुढच्या पानांत उद्रेकांचे जगभर रूढ असलेले प्रकार एकेक करून येतील. त्यांची नावं हवाई, इटली, कॅरिबियन बेटं, आइसलंड इथून आली आहेत. मराठी वाचकाने ती परक्या मुलखाची यादी म्हणून पाठ करू नयेत, आपल्या पायाखालच्या दगडावर घासून पाहावीत असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सुरुवातीचे चार शब्द जरा लांबले आहेत.

शाळेच्या भूगोलात ज्वालामुखीचे जागृत, निद्रिस्त आणि मृत असे तीन प्रकार शिकवतात. ती ज्वालामुखीच्या आजच्या अवस्थेची विभागणी झाली. उद्रेक कसा होतो, याबद्दल ती काहीच सांगत नाही. तिथेच पुढे केंद्रीय आणि भेगी असे आणखी दोन भाग येतात, पण चित्र छापलेलं असतं ते शंकूच्या आकाराच्या डोंगराचं, आणि डोक्यात तेच राहतं. मग सह्याद्रीतला प्रत्येक टोकदार किल्ला एखाद्या जुन्या ज्वालामुखीचं तोंड वाटू लागतो. खरं तर ते सुळके म्हणजे एकावर एक आडव्या पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचे पाऊस-वाऱ्याने कोरून काढलेले अवशेष आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचीही तीच गत झाली. १.८ किलोमीटर व्यासाचं ते गोल विवर पुष्कळ काळ ज्वालामुखीच्या खात्यावर मांडलं गेलं. तिथल्या दगडात प्रचंड आघाताखेरीज तयार होऊ न शकणारी काच आढळल्याचं १९७३ साली प्रसिद्ध झालं, आणि लोणार अशनीच्या आघाताचं विवर ठरलं. आकार पाहून वर्गवारी केली की अशी फसगत होते. पुरावा द्यावा लागतो तो दगडाला.

उद्रेकांच्या वर्गवारीची सुरुवात एका शहराच्या मरणापासून झाली, असं म्हणायला हरकत नाही. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेलेच्या पायथ्याशी सेंट पियेर नावाचं फ्रेंच वसाहतीचं भरभराटलेलं शहर होतं. ८ मे १९०२ च्या सकाळी, आठ वाजायच्या सुमारास, डोंगरावरून राख, वायू आणि दगडांचा जळता लोट जमिनीला चिकटून खाली आला आणि काही मिनिटांत शहर संपलं. सुमारे २८ हजार माणसं मेली. वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोकांना ज्वालामुखी म्हणजे लाव्ह्याचे ओहोळ एवढंच ठाऊक होतं, आणि इथे तर शहरात लाव्हा आलाच नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ अल्फ्रेद लाक्रवा त्याच वर्षी तिथे पोहोचले, बरेच महिने राहिले, नंतरचे तसेच लोट त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १९०४ साली पेलेवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०८ साली त्यांनी उद्रेकांचे चार प्रकार मांडले: हवाई, स्ट्रॉम्बोली, व्हल्कानो आणि पेले. व्हल्कानो या इटालियन बेटावरचा १८८८ ते १८९० चा उद्रेक ज्युसेप्पे मेर्काल्ली यांनी बारकाईने नोंदला होता. त्याचा उपयोग लाक्रवांना झाला. भूकंपाच्या तीव्रतेच्या मापामुळे आपल्याला परिचित असलेले मेर्काल्ली ते हेच.

या चार प्रकारांमागचं गणित समजायला सोपं आहे. जमिनीखालचा शिलारस किती घट्ट आहे आणि त्यात वायू किती कोंडला आहे, या दोन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं. बेसाल्टच्या शिलारसात सिलिकाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं आणि तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस, त्यामुळे तो पातळ राहतो. वायू सहज सुटतो, कारंजी उडतात, लाव्हा नदीसारखा वाहतो. हा हवाई प्रकार. २०१८ साली हवाई बेटावरच्या किलाउएआने सातशेच्या आसपास घरं गिळली, पण लोकांना चालत निघून जायला वेळ मिळाला. शिलारस थोडा घट्ट झाला, की वायूचे मोठे बुडबुडे घशाशी येऊन फुटतात आणि तासाला काही वेळा निखारे उडतात. हा स्ट्रॉम्बोली. आणखी घट्ट झाला, की तोंडावर झाकण बसतं, दाब वाढतो आणि तोफेसारखा एकेक स्फोट होतो. हा व्हल्कानो. पेलेमध्ये तर घट्ट शिलारसाचा घुमटच वर येतो आणि तो कोसळला की जळते लोट निघतात.

लाक्रवांच्या चारांत नंतर भर पडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडलं, तेव्हा खाडीपलीकडून धाकट्या प्लिनीने तो ढग पाहिला आणि पुढे टॅसिटसला पत्रांतून कळवला. वर सरळ चढत जाणारा आणि मग छत्रीसारखा पसरणारा राखेचा तो खांब म्हणजे प्लिनी प्रकार. १९६३ साली आइसलंडच्या दक्षिणेला समुद्रातून सर्टसी नावाचं बेट वर आलं. शिलारस आणि पाणी भेटलं की वाफेच्या तडाख्याने त्याचा भुगा होतो, तो सर्टसी प्रकार. कधी नवा शिलारस वर येतच नाही, नुसती तापलेल्या पाण्याची वाफ डोंगर फोडते. २०१४ साली जपानमध्ये ओन्ताके पर्वतावर अशाच उद्रेकात ६३ गिर्यारोहक गेले. आकाराने हा उद्रेक लहान होता, पण दिवस सुट्टीचा होता आणि लोक माथ्यावर होते.

ही सगळी नावं पाहिलेल्या घटनांची आहेत. कुणीतरी तिथे उभं होतं, कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून प्रकार झाला. ही या पद्धतीची ताकद आहे आणि मर्यादाही. न पाहिलेल्या उद्रेकांचं काय करायचं, हा प्रश्न जॉर्ज वॉकर यांनी १९७३ साली नीट हाताळला. उद्रेक संपल्यावर जमिनीवर उरते ती राख. ती किती दूर पसरली आणि तिचे कण किती बारीक फुटले, या दोन मोजमापांवर त्यांनी स्फोटक उद्रेकांची वर्गवारी बसवली. साक्षीदाराची गरज संपली. १९८२ साली ख्रिस न्यूहॉल आणि स्टीफन सेल्फ यांनी स्फोटकतेचा निर्देशांक मांडला. तो शून्य ते आठ असा चढतो, आणि दोनच्या पुढे प्रत्येक पायरीवर बाहेर पडलेल्या राखदगडाचं आकारमान दहापट होतं. १८८३ चा क्राकाटाउ आणि १९९१ चा पिनाटुबो सहावर, १८१५ चा तांबोरा सातवर. आठव्या पायरीवर सुमात्रातला सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा टोबा. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ कुकडी नदीच्या काठी बोरी इथे गाळात राखेचा जो थर सापडतो, त्याचं रासायनिक नातं टोबाशी जुळतं. समुद्र ओलांडून आलेली राख महाराष्ट्रातल्या नदीच्या काठात दबलेली आहे, आणि तिच्या आजूबाजूला अश्मयुगीन हत्यारं मिळतात.

आता मिहानच्या दगडाकडे वळू. त्याला या निर्देशांकावर कुठे बसवायचं? नीट असं कुठेच बसवता येत नाही. निर्देशांक मोजतो उडालेली राख आणि दगड. वाहिलेला लाव्हा त्यात धरलाच जात नाही. हा दगड ज्याचा भाग आहे, त्या दख्खनच्या लाव्ह्याने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे. मूळ आकारमानाचे अंदाज दहा लाख घन किलोमीटरच्या घरातले आहेत, आणि त्यातला मोठा भाग दहा लाख वर्षांहून कमी काळात बाहेर पडला. स्फोटकतेच्या फूटपट्टीवर मात्र हे सगळं तळाच्या, सौम्य बाजूला जातं. कारण लाव्हा पातळ होता आणि लांबच लांब भेगांतून शांतपणे वाहून आला. पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या उद्रेकमालिकांपैकी एक ही सर्वांत कमी आवाज करणाऱ्या जातीची आहे. एवढी एक गोष्ट वाचकाने मनात पक्की ठेवली, तर पुढची पानं वेगळ्या नजरेने वाचली जातील. प्रकार सांगतो उद्रेक कसा झाला. किती झाला आणि त्याने काय केलं, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात.

सौम्य उद्रेक काय करू शकतो, याचा साक्षीदार असलेला एक दाखला आहे. जून १७८३ मध्ये आइसलंडमध्ये लाकी इथे २७ किलोमीटर लांबीची भेग फुटली आणि आठ महिने वाहत राहिली. लाव्हा सुमारे १५ घन किलोमीटर. त्याच्या खाली येऊन माणसं मेली नाहीत. मेली ती वायूने. सुमारे १२ कोटी टन गंधक डायऑक्साइड हवेत गेला, फ्लोरीनने गवत विषारी झालं, जनावरं मेली, आणि मग उपासमारीत आइसलंडची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या संपली. योन स्टेन्ग्रिम्सन या धर्मोपदेशकाने हे सगळं लिहून ठेवलं आहे. दख्खनच्या एकेका मोठ्या उद्रेकात लाव्हा हजार घन किलोमीटरच्याही वर गेला असावा असं मानतात, आणि असे उद्रेक एकामागून एक होत राहिले. डायनोसॉरांच्या अंताचा विषय निघाला की मेक्सिकोतल्या चिक्सुलुबच्या अशनीइतकंच दख्खनचं नाव घेतलं जातं ते याच कारणाने. कुणाचा वाटा किती, यावर वाद अजून चालू आहे. १९८२ च्या निर्देशांकातले स्टीफन सेल्फ पुढे दख्खनच्या लाव्ह्याच्या अभ्यासातही बराच काळ गुंतले, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

साक्षीदार नसताना हे सगळं कळतं कसं? दगड जवळून बघायला लागतो. नुकत्याच फुटलेल्या काळ्या दगडाची कपार पाण्याने धुऊन घ्यावी. प्रवाहाच्या वरच्या भागात भोकंच भोकं दिसतील. ते वायूचे बुडबुडे, वर चढता चढता थिजलेले. काही भोकं रिकामी, काहींत पांढरी किंवा हिरवट खनिजं भरलेली. मधला भाग घट्ट, एकसंध, गिट्टीसाठी सर्वांत चांगला. तळाशी कधी पेन्सिलीसारख्या उभ्या नळ्या सापडतात. वरची साय थिजते, आत लाव्हा भरत राहतो, प्रवाह फुगतो आणि पुढे सरकतो. हवाईत हे आज डोळ्यांदेखत घडतं, आणि तिथे दिसणाऱ्या खुणाच आपल्या दगडात आहेत. दोन प्रवाहांमध्ये काही ठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा असतो. पहिला प्रवाह थिजून, त्याची माती होण्याइतका काळ मध्ये गेला आणि मग दुसरा आला, हे तो पट्टा सांगतो. आणि भेगा? धुळे-नंदुरबारच्या मुलखात आजूबाजूच्या खडकातून भिंतींसारखे वर आलेले डाइक आहेत. शिलारस ज्या भेगांतून चढला, त्या भेगांतच तो थिजला.

थरांची जाडी पश्चिमेकडून पूर्वेकडे कमी होत जाते. कोयनेला खोल खोदलेल्या विवरात लाव्ह्याखालचा ग्रॅनाइटी पाया ९३३ मीटरवर लागला, किल्लारीला ३३८ मीटरवर. नागपूर या साऱ्या पसाऱ्याच्या पूर्व कडेवर आहे. शहराच्या पश्चिमेला लाव्हा, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक, आणि उत्तरेला कामठीचा वालुकाश्म. कडेला असण्याचा मोठा फायदा म्हणजे इथे थर पातळ आहेत. लाव्ह्याच्या खाली काय होतं आणि दोन लाव्ह्यांच्या मध्ये काय होतं, दोन्ही उघडं पडतं.

ते सर्वांत आधी नीट पाहिलं स्टीफन हिस्लॉप यांनी. हा स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकात नागपुरात आला, धर्मप्रचार केला, शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात दगड गोळा केले. सीताबर्डीची टेकडी आणि टाकळी इथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेला गाळ त्यांनी तपासला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते, बिया होत्या, फळं होती. रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेला नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. या शोधाचं मोल उद्रेकाच्या वर्गवारीत फार मोठं आहे. लाव्हा आला, थांबला, वर तळी साचली, तळ्यात गोगलगायी नांदल्या, काठावर झाडं वाढली, मग पुन्हा लाव्हा आला. म्हणजे दख्खन हा एक उद्रेक नाही. ती उद्रेकांची रांग आहे, आणि रांगेतल्या विश्रांती कधी पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या होत्या. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी गेले. टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना नागपूरकडच्या बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. मिहानहून दक्षिणेला बुटीबोरीकडे जाताना हाच टापू लागतो, आणि तिथून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

लाव्ह्याच्या खालची पानं चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला वाचता येतात. तिथे डायनोसॉरांची हाडं आणि विष्ठेचे अश्म मिळतात. २००५ साली त्या विष्ठाश्मांत गवताचे सूक्ष्म अवशेष आढळल्याचं प्रसिद्ध झालं, आणि गवत डायनोसॉरांच्या काळातही होतं हे जगाला कळलं. लाव्हा कुणावर पसरला, याची ही साक्ष.

दख्खन सगळा शांतच होता असं मात्र समजू नये. मुंबईच्या परिसरात त्याचा स्वभाव बदललेला दिसतो. तिथे राखेचे थर आहेत, पाण्यात थिजलेला उशीसारखा लाव्हा आहे, मढ-मनोरीकडे घट्ट शिलारसाचा रायोलाइट आहे. अजिंठा-वेरूळची लेणी लाव्ह्याच्या प्रवाहांत कोरलेली आहेत, तर कान्हेरीची लेणी ज्वालामुखीच्या तुकड्यांनी बनलेल्या ब्रेशियात. एकाच घटनाक्रमात दोन प्रकार नांदू शकतात. प्रकार हा उद्रेकाला लागतो, डोंगराला किंवा प्रदेशाला कायमचा चिकटत नाही. अंदमानातलं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, १९९१ नंतर अधूनमधून पेटतो आहे. त्याचे उद्रेक बहुधा स्ट्रॉम्बोली जातीचे असतात, कधी त्यातून लाव्हाही वाहतो.

मिहानमध्ये विमानं दुरुस्तीला येतात, म्हणून शेवटचा एक मुद्दा खास इथला. राखेचे कण म्हणजे बारीक काच. जेट इंजिनाच्या आतलं तापमान त्या काचेला वितळवण्याइतकं असतं. वितळलेली काच पुढे टर्बाइनच्या पात्यांवर थिजते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. १९८२ साली जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली म्हणून माणसं वाचली. त्यानंतर जगभरात राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं उभी राहिली. २०१० मध्ये आइसलंडच्या एयाफ्यातलायोकुत्लने युरोपचं आकाश बंद केलं, कारण हिमनदीचं पाणी शिलारसाला भिडून राख अतिशय बारीक झाली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बीची राख समुद्र ओलांडून भारतावर आली आणि देशातली काही उड्डाणं रद्द झाली. हायली गुब्बी हा बसक्या, ढालीसारख्या आकाराचा ज्वालामुखी. आकारावरून त्याच्याकडून वाहत्या लाव्ह्याची अपेक्षा असते. त्याने राखेचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंच फेकला. वैमानिकाला आणि देखभाल अभियंत्याला डोंगराच्या नावाशी कर्तव्य नसतं. राख किती उंच गेली आणि कण किती बारीक आहेत, हे त्यांना हवं असतं. वॉकर यांनी १९७३ साली विचारलेले दोन प्रश्न याहून फार दूर नाहीत.

पुढची प्रकरणं सौम्य उद्रेकांपासून सुरू होऊन स्फोटक उद्रेकांकडे जातात. प्रत्येक प्रकार वाचताना त्याच्या आवाजासोबत त्याचं आकारमान, त्याचा कालावधी आणि त्याचा वायू हे तीन आकडेही शेजारी मांडले आहेत. ते वगळून पुढे जाऊ नये. सुरुवात हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटापासून केली आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण स्रोतावरून भारताची भूमी जात असताना दख्खनचा लाव्हा वर आला असं मानतात, तो स्रोत आता या बेटाखाली आहे. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि वाटेत लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांची रांग मागे राहिली. बेटावरचा पिटॉन द ला फुर्नेझ हा सुमारे २,६३० मीटर उंचीचा ज्वालामुखी आजही वरचेवर पेटतो. त्याचा लाव्हा बेसाल्टचा, पातळ, बहुतेक वेळा भेगांतून येणारा. एप्रिल २००७ मध्ये त्याच्या माथ्यावरचं विवर काही दिवसांत तीनशेहून अधिक मीटर खचलं आणि लाव्हा थेट समुद्राला मिळाला. तिथे निरीक्षणाची वेधशाळा १९७९ पासून आहे, आणि पहिल्या प्रकरणातली बहुतेक मोजमापं तिथलीच आहेत.